गुरुवारची पोटदुखी

आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवरचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस शाळेस गैरहजर राहू लागला. सकाळी उठला की बेंबीभोवती हात धरून बसे, चहा पीत नसे, भाकरीस शिवत नसे. दहा-साडेदहा वाजले की दुखणे आपोआप ओसरे, पण तोवर शाळेची वेळ टळून गेलेली असे. आईने ओवा दिला, हिंग लावला. प्राथमिक आरोग्य केंद्रात जंतांच्या गोळ्या मिळाल्या. त्याने गुण येईना तेव्हा भाडे खर्चून बेळगावास नेले. तेथे पोटाचे चित्र काढले, तेही निर्दोष निघाले. गोव्यात गवंडीकाम करणारा बाप सुटीवर आला, त्याने दोन थपडा दिल्या. थपडांनीही पोट थांबले नाही.

हे दुखणे नेमके गुरुवारचे आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती शाळेच्या बाईंच्या. हजेरीपत्रकात गुरुवारचे घर सहा आठवडे ओळीने रिकामे होते. त्यांनी ते आम्हांस दाखविले, कारण मुलगा आमच्याकडे रविवारी प्रथम कम्युनियनच्या तयारीस येत असे. रविवारी त्याचे पोट कधी दुखले नव्हते.

पुढे एके संध्याकाळी अंगणात उभ्याउभ्याच त्याच्या आईने आम्हांस जे सांगितले, ते तिच्या परवानगीने, घराची ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे लिहीत आहोत. (पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोठेच लिहीत नसतो, हे वाचकांस सांगावयास नकोच.) संघामार्फत घेतलेल्या कर्जाचा हप्ता दर गुरुवारी असे. भातलावणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, हप्ते थकले. हप्तेवाला सकाळी आठच्या सुमारास फटफटीवरून दारी येऊ लागला. आई मागच्या परड्यात गवताच्या गंजीआड जाऊन बसे, आणि दारात मुलास उभे करी. "आई घरी नाही, मामाकडे गेली आहे" असे त्याने सांगावयाचे. हप्तेवाला एकदा म्हणाला, "खोटं बोलतोस होय रे?" आणि तासभर ओट्यावरच बसून राहिला. मुलगा तासभर दारातच उभा.

"पोरगं लहान आहे, त्याला काय कळतंय असं वाटलं, फादर," ती म्हणाली.

आमच्या मनास जे लागले ते याहून वेगळे होते. जूनच्या अखेरीस आम्ही त्या वर्गास आठवी आज्ञा शिकविली होती. खोटे बोलणे हे पाप कसे, हे चांगले रंगवून सांगितले होते. प्रथम पापनिवेदनापूर्वी आपण कधी कधी खोटे बोललो ते प्रत्येकाने आठवून ठेवावे, असेही बजावले होते. मुलाचे पोट जुलैत दुखू लागले. त्या धड्याचा आणि पोटदुखीचा संबंध होताच असे आम्ही म्हणणार नाही. वैद्यकाचे आम्ही जाणकार नव्हे. पण एकीकडे आई आणि दुसरीकडे आम्ही, अशा कात्रीत ते लेकरू दर आठवड्यास उभे होते, आणि आम्हां दोघांपैकी एकासही त्याचा पत्ता नव्हता, एवढे मात्र खरे.

मुलाचे दुखणे हे सोंग नव्हते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. भय वाटले की मेंदू शरीरास सावध करतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी अॅड्रिनॅलीन आणि कॉर्टिसॉल नावाचे रस रक्तात सोडतात. काळीज धडधडते, स्नायू ताठतात, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळते. वाघापुढून पळावयाचे असेल तर ही मोठी सोय आहे. परंतु दारात उभ्या असलेल्या मुलास पळता येत नाही. आतड्यांना स्वतःचे असे मज्जातंतूंचे दाट जाळे असते व त्याचा मेंदूशी अहोरात्र व्यवहार चालतो. म्हणून मनातली धास्ती पोटात खरोखरच कळ होऊन उठते. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉन अॅप्ले नावाच्या बालरोगतज्ज्ञाने एका सहकाऱ्यासह एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. दहांत एकाहून किंचित अधिक मुलांना वारंवार पोटदुखी होत असे, आणि अशा मुलांपैकी फारच थोड्यांच्या पोटात शोधूनही काही रोग सापडला. त्याच डॉक्टरांचा एक ठोकताळा बालरोगतज्ज्ञ आजही सांगतात: दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शरीरातल्या रोगाचा संशय अधिक. आमच्या या मुलाचा हात बेंबीवरच असे.

आता कोणी म्हणेल, गरिबी आमच्या वाडवडिलांनीही काढली. तेव्हा कोठे मुलांची पोटे दुखत होती? दुखत असतील, कोणी विचारले नसेल. पण या प्रश्नाचे खरे उत्तर निराळे आहे, आणि तेच सांगण्यासाठी आम्ही हा लेख हाती घेतला. गरिबी, कर्ज, नापिकी ही मुलास सहसा थेट बाधत नाहीत. ती आईबापांच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, त्यांच्या आपसातील बोलण्यावरून मुलापर्यंत जातात. आणि ती जर अशा वाटेने जात असतील, तर त्या वाटेवर कोठेतरी त्यांना अडविताही येईल.

याचे एक जुने उदाहरण लंडनचे आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर बाँब पडत असता अॅना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम या दोन बाईंनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी शिशुगृहे चालविली आणि जे पाहिले ते १९४३ साली ग्रंथरूपाने मांडले. घरे कोसळताना पाहिलेली मुलेदेखील, आई जवळ असली आणि ती धीराची असली तर, बहुधा सावरत. आई भेदरलेली असली की मूलही भेदरे. आणि आईपासून तोडून सुरक्षित खेडेगावी धाडलेल्या मुलांचे हाल कित्येकदा बाँबखालच्या मुलांहून वाईट होत. मूल आकाशाकडे पाहत नव्हते. ते आईच्या तोंडाकडे पाहत होते.

परंतु बाँब ही आमच्या वाचकांची नित्याची चिंता नव्हे. शेती आणि कर्ज ही आहे. म्हणून दुसरे उदाहरण आम्ही अधिक विस्ताराने देतो.

अमेरिकेत आयोवा नावाचे एक राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरे हा तेथला संसार. १९७०च्या दशकात धान्यास भाव चढला, जमिनीच्या किंमती चढल्या, आणि बँका शेतकऱ्यांस बोलावून बोलावून कर्जे देऊ लागल्या. बापाने अधिक जमीन घेतली, यंत्रे घेतली, सर्व उधारीवर. मग व्याजाचे दर भडकले, धान्याचे भाव कोसळले. १९८१ साली आयोवात एकर शेतजमिनीची सरासरी किंमत २,१४७ डॉलर होती, ती १९८६ साली ७८७ डॉलरवर आली. कर्ज होते तेवढेच राहिले आणि तारणाची जमीन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या मोलाची झाली! पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतांचे लिलाव झाले. ऊस घालून बिलाची वाट पाहत बसलेल्या आमच्या शेतकऱ्यास ही कथा परकी वाटू नये.

या संकटाच्या अखेरीस, १९८९ साली, रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या दोन संशोधकांनी आयोवाच्या उत्तर-मध्य भागातील ४५१ कुटुंबांचा अभ्यास आरंभिला. प्रत्येक घरात आईबाप दोघेही होते, सातवीत शिकणारे एक मूल होते आणि त्याच्या वयाच्या जवळपासचे भावंड होते. प्रश्नपत्रिका भरून घेऊन हे लोक थांबले नाहीत. त्यांनी घरोघर जाऊन, कुटुंबास एकत्र बसवून, एखाद्या घरगुती विषयावर बोलावयास सांगून त्याचे चित्रीकरण केले. कोण कोणास तोडून बोलतो, कोण मान फिरवितो, कोण हसतो, हे सर्व नंतर निरखले. आणि वर्षामागून वर्षे त्याच घरी पुन्हा जात राहिले.

त्यांस जे आढळले ते असे. अमुक डॉलरचे कर्ज आहे, या आकड्याने मुलाचे काही बिघडत नव्हते. कर्जामुळे रोजची चणचण झाली, बिले थकली, गरजेच्या वस्तूही टाळाव्या लागल्या, की आईबाप खिन्न होत. खिन्न झालेले नवराबायको एकमेकांवर ओरडत, टोचून बोलत किंवा बोलणेच सोडत. आणि जे एकमेकांशी असे वागत, ते मुलांशीही तिरसटपणे वागत. कधी उगाच मारीत, कधी मूल घरात आहे याचेच त्यांस भान नसे. मुलाचा अभ्यास ढासळे, ते उदास होई वा मारकुटे होई, ते या शेवटच्या पायरीवर. आणि उलट, ज्या घरी नवराबायको एकमेकांस धीर देत, अडचण पुढे ठेवून दोघे मिळून काही उपाय काढीत, त्या घरी तेवढीच चणचण असूनही ही साखळी सैल पडे. पुढे २००० साली त्यांनी याच मुलांविषयी आणखी एक ग्रंथ लिहिला. त्यात शेतीच्या कामात खरा हातभार लावणारी, आजीआजोबांच्या सहवासातली, चर्च व शाळा यांच्याशी जोडलेली मुले त्या वाईट दिवसांतही बरीच निभावून गेली, असे नमूद आहे.

एल्डर यांनी याआधी, १९७४ साली, १९३०च्या महामंदीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातील मुलांवर ग्रंथ लिहिला होता. त्या मुलांविषयीच्या त्यांच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली, ती आमच्या पुरुष वाचकांनी सावकाश वाचावी. मिळकत गेल्याचा घाव मुलांवर पडला तो मुख्यत्वे बापाच्या रागामार्फत. मुळात तापट असलेला बाप पैसा गेल्यावर अधिक तापट झाला. त्याची शिक्षा लहरीवर चालू लागली. मुलाने काल जे केले त्याबद्दल हसू, आज तेच केले तर मार. मार किती, याहूनही तो केव्हा बसेल याचा नेम नसणे हे मुलास अधिक जाचते.

येथे आम्ही धर्मगुरूंनीही थोडे अंतर्मुख व्हावे. मुलांच्या संगोपनावर आमची प्रवचने होतात ती बहुधा मातांस उद्देशून. कारण पुढच्या बाकांवर त्याच बसलेल्या असतात. मुलगा अंथरूण ओले करतो, नखे खातो, त्याचा दोष आईच्या पदरी. बाप तर महिनोन्‌महिने मडगाव-पणजीकडे वा आखातात. परंतु दूर असलेला बापही घरात असतो बरे! तो दूरध्वनीतून असतो. आई स्वयंपाक करता करता ते यंत्र चुलीशेजारी ठेवून मोठ्या आवाजावर लावते, आणि पैशावरून चाललेले भांडण अंथरुणातली मुले शब्दन्‌शब्द ऐकतात. आम्ही घरभेटीस गेलो असता हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. आम्हांस पाहून आवाज खाली येतो. मुलांसाठी तो येत नाही.

दुखण्याबरोबर सवयीही बदलतात. घरात कुरबुर चालू असता मुलाची झोप मोडते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी ते चिडते आणि गोडधोड, तळलेले यांकडे अधिक ओढले जाते. थकलेल्या आईस दोन भांडी घासावयाची असतात; ती मुलास पाच रुपयांचे कुरकुऱ्यांचे पाकीट व हातात मोबाईल देऊन मोकळी होते. तिला दोष कोण देईल? पण महिना दोन महिन्यांत जेवणाची वेळ नाहीशी होते, आणि रात्री नऊचा मुलगा अकरापर्यंत जागतो. पाच वर्षांपर्यंत मुलाने रात्री अंथरूण ओले करणे ही तर साधी बाब आहे. सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा तसे करू लागले, तर मात्र कारण शोधावे. मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा दाह असू शकतो, तो डॉक्टरांनी पाहावा. तसे नसेल तर घरात अलीकडे काय घडले, हे आईबापांनी एकमेकांस विचारावे. अशा मुलास भावंडांदेखत लाजविल्याने अंथरूण कोरडे झाल्याचे आम्ही कोठे ऐकले नाही.

काही सवयी फार पुढे उगवतात. अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉक्टर फेलिटी, डॉक्टर आंडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९,५०८ प्रौढ माणसांस त्यांच्या बालपणाविषयी विचारले. ती पाहणी १९९८ साली छापली गेली. घरात दारुडा होता काय, आईस मारहाण होत असे काय, कोणी मनोरुग्ण होते काय, अशा सात प्रकारच्या आपत्तींची ती विचारणा होती. ज्यांनी चार वा अधिक प्रकार सोसले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, खिन्नता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीही न सोसलेल्यांच्या मानाने, चारपासून बारा पटींपर्यंत आढळला. याचा अर्थ असे प्रत्येक मूल बिघडतेच, असा मुळीच नव्हे. पुष्कळ जण उत्तम निघतात. तरी दारू पिऊन घरी येणाऱ्याने हा हिशेब ऐकून ठेवावा.

मग करावे काय? पैसा आणा, असे सांगणे सोपे आहे. तो आमच्या हाती नाही, वाचकांच्याही नाही. आम्ही त्या घरी जे झाले तेच सांगतो.

प्रथम, आईने मुलास खरे सांगितले, पण त्याच्या मापाचे. "आपण पैसे घेतले आहेत, ते फेडावयाचे आहेत, थोडा उशीर होतो आहे. ते मी आणि बाबा पाहू. तुझे काम शाळेत जाण्याचे." रकमेचा आकडा सांगितला नाही, व्याज सांगितले नाही, "तुझ्या बापाने बुडविले" असेही म्हटले नाही. मुलास काहीच न सांगणे हे मोठ्यांस दयेचे वाटते. परंतु अर्धवट ऐकलेल्यावरून मूल जे चित्र रंगविते ते खऱ्याहून भयंकर असते. या मुलाने आम्हांस नंतर विचारले, आईला तुरुंगात नेतील काय? दोन महिने तो ते मनात धरून होता.

दुसरे, मुलास दारातून काढले. देणेकऱ्याचे तोंड देणेकऱ्यानेच द्यावे. मुलाची ढाल करू नये. आणि येथे कायदाही थोडा पाठीशी आहे, तो ठाऊक असावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे अशा लहान कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही, आणि हप्ता दोघांनी ठरविलेल्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. धमकी, शिवीगाळ, नातलगांस त्रास यांस मनाई आहे. कर्नाटक शासनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये वसुलीच्या जुलमाविरुद्ध अध्यादेश काढला. हे नियम घेऊन संघाच्या दोन बायका आणि शाळेच्या बाई त्या हप्तेवाल्याशी बोलल्या. तो काही राक्षस नव्हता; वरून त्याच्याही मानेवर कोणी बसलेला होता. हप्ता समाजमंदिरात दहा वाजता द्यावा असे ठरले. कर्ज मात्र एका रुपयानेही घटले नाही.

तिसरे जमले ते अर्धेच. बाप आता रविवारी दुपारी दूरध्वनी करतो, मुले बाहेर खेळत असता. पैशाचे बोलणे तेव्हाच करावयाचे असे दोघांत ठरले आहे. कधी पाळले जाते, कधी नाही. रात्रीचे जेवण साडेसातास आणि मग जपमाळ, एवढे दोन खुंटे आईने घट्ट रोवले आहेत. दुःखाच्या घरात घड्याळाचा ठरावीकपणा मुलास मोठा आधार वाटतो. स्नानसंस्काराच्या वेळी त्याचा धर्मपिता झालेला मामाही वर्षानुवर्षे केवळ नाताळास दिसत असे, तो आता बुधवारी मुक्कामास येतो. आईस हसावयास कोणीतरी मिळाले, हा त्यातला अधिक मोठा लाभ, असे आमचे मत आहे.

सर्वच पोटदुखी मनाची असते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप असेल, वारंवार उलटी होत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, दुखणे एका कुशीस घट्ट बसले असेल, तर विलंब न लावता डॉक्टर गाठावा. आणि आईबापांपैकी कोणास आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तोही आजारच आहे. त्यात लाज नाही. शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चालू केला आहे; अहोरात्र, विनामूल्य, आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते. मुलाच्या संकटासाठी १०९८ आहेच. धर्मगुरूचे दार वाजविण्यास तर क्रमांकही लागत नाही.

आठव्या आज्ञेचा धडा आम्ही त्या वर्गास पुन्हा घेतला. भीतीने कोणी मोठ्याने वदविलेले खोटे आणि दुसऱ्यास बुडविण्यासाठी बोललेले खोटे यांत फरक कसा, हे प्रथमच सांगावयास हवे होते. ते आता सांगितले. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. नखे अजून खातो.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी आजाऱ्यास कम्युनियन देऊन आम्ही त्या वाडीवरून परतत होतो. आई ओट्यावर कर्जाची वही मांडीवर घेऊन नोटा मोजीत होती. शंभराची एक नोट कमी पडत होती, असे तिने हसतच सांगितले. मुलगा दप्तर पाठीस लावून नळावर पाण्याची बाटली भरीत होता. "फादर, नाताळच्या नाटुकल्यात मला मेंढपाळ करणार काय?" त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता बाटलीचे झाकण लावीत रस्त्यास लागला.